स्थावर मालमत्तेच्या व्यवसायातील माहितीपर लेखन

स्थावर मालमत्तेच्या व्यवसायातील माहितीपर लेखन : जमीन, भूखंड, घर किंवा गाळा विकू इच्छिणाऱ्या व्यावसायिकाने, खरेदीदाराला सौद्यापूर्वी जे जाणून घेणे अगत्याचे असते ते, म्हणजे मिळकतीचा हक्क, तिचे क्षेत्र, तिच्यावरील बोजे, कायद्याने घातलेली बंधने आणि परिसराची खरी स्थिती, सुबोध गद्यात लिहून प्रसिद्ध करणे, आणि ते वाचून विश्वासाने चौकशीस येणाऱ्यांतून आपला ग्राहक मिळविणे, अशी ही पद्धती आहे. भावाचा आकडा आणि फोन क्रमांक एवढ्यावर आटोपणाऱ्या जाहिरातीने चौकश्या पुष्कळ येतात व बहुतेक वाया जातात. माहितीपर लेखनाने त्या कमी येतात, पण येणारा माणूस अर्धी वाट आधीच चालून आलेला असतो. महानगरांतील मोठ्या बांधकाम संस्थांपेक्षा, ज्या गावी विकणारा आणि घेणारा एकाच बाजारात भाजी घेतात अशा वऱ्हाडातील मध्यम वस्तीच्या गावांत या पद्धतीचे गुणदोष अधिक स्पष्ट दिसतात. म्हणून प्रस्तुत नोंदीत अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातील हिवरखेड हे उदाहरणादाखल समोर ठेवले आहे.

वऱ्हाडात जमिनीचा व्यवहार परंपरेने तोंडी चालत आला. सरकारी देणे थकले म्हणजे लिलावाची डोंडी पिटली जाई, आणि खाजगी विक्रीची वार्ता दलाल, पटवारी, अडत्या व सोयरे यांच्या तोंडून फिरे. छापील मजकुराचे या व्यवहारातील जुने आणि आजही टिकून असलेले रूप म्हणजे वकिलामार्फत दैनिकात दिली जाणारी जाहीर नोटीस : ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ अशा ठराविक आरंभानंतर मौजा, तालुका, जिल्हा, गट क्रमांक, क्षेत्र आणि चतुःसीमा देऊन, कोणाचा हक्क, हितसंबंध वा बोजा असल्यास अमुक दिवसांच्या मुदतीत पुराव्यासह हरकत घ्यावी, असे तीत बजावलेले असते. ही नोटीस ग्राहक मिळविण्यासाठी दिली जात नाही, किंबहुना ती बहुधा ग्राहक मिळाल्यावरच निघते. परंतु मिळकतीची ओळख नेमक्या शब्दांत पटविण्याची जी शिस्त तिच्यात आहे ती रंगीत हस्तपत्रकांत क्वचितच आढळते. माहितीपर लेखन करणाऱ्याने पहिला धडा घ्यावयाचा तो या रुक्ष नोटिशीपासून.

मालाविषयी लिहून मालाला गिऱ्हाईक मिळविण्याची कल्पना मराठी व्यापाराला परकी नाही. अमेरिकेत शेतीची अवजारे करणाऱ्या जॉन डिअर या कारखान्याने १८९५ मध्ये ‘द फरो’ हे शेतकऱ्यांसाठीचे नियतकालिक काढले, त्याचा दाखला या विषयावरील इंग्रजी ग्रंथांत वारंवार दिला जातो. पण लोखंडी नांगराच्या कारखान्याला जोडून किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये सुरू केलेला ‘किर्लोस्कर खबर’ हा आपल्याकडील दाखला तितकाच बोलका आहे. यंत्रे आणि ती वापरणारा शेतकरी यांच्यातील अंतर मजकुराने कमी करावे या हेतूने निघालेले ते पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ या मासिकाच्या रूपाने मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत पोचले, आणि त्याच्या पाठोपाठ १९३० मध्ये ‘स्त्री’ व १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके निघाली. नांगर विकावयास निघालेला मजकूर नांगराला मागे टाकून गेला, असे म्हटले तरी चालेल. भूखंडांच्या धंद्याला असा संपादक अद्याप लाभावयाचा आहे.

हिवरखेडविषयी लिहावयाचे तर आरंभ नावापासूनच करावा लागतो, कारण या नावाची गावे वऱ्हाडात एकाहून अधिक आहेत : एक अकोल्याच्या तेल्हारा तालुक्यात, दुसरे अमरावतीच्या मोर्शी तालुक्यात संत्र्यांच्या पट्ट्यात, आणि आणखी एक बुलढाण्याच्या खामगाव तालुक्यात. ‘हिवरखेड येथे प्लॉट विकणे आहे’ एवढाच मजकूर अमरावतीच्या दैनिकात छापला तर मोर्शीकडचा वाचक नाहक फोन करतो, आणि ज्याने करावयाचा तो करीत नाही. मौजा, तालुका आणि जिल्हा ही तिन्ही नावे एकत्र देण्याची महसुली दफ्तराची रीत मजकुरात पाळली, तर निदान ही भानगड उद्भवत नाही.

तेल्हारा तालुक्यातील हिवरखेड सातपुड्याच्या पायथ्याशी, अकोटहून सोनाळा-जळगाव जामोदकडे जाणाऱ्या रस्त्याच्या पट्ट्यात वसलेले आहे. अकोला-खंडवा या जुन्या मीटरगेज लोहमार्गावर त्याचे स्थानक होते. रुंदीकरणासाठी २०१७ मध्ये हा मार्ग बंद झाला. अकोला ते अकोट हा टप्पा रुंद होऊन २०२२ मध्ये त्यावर प्रवासी गाडी सुरू झाली, परंतु अकोटच्या पुढचा जुना मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जात असल्याने तो तसाच न्यावा की हिवरखेड, सोनाळा, जामोदमार्गे वळवावा, हा वाद दीर्घकाळ चालला. रेल्वेचे भवितव्य असे अधांतरी राहिलेल्या गावी भूखंड विकणाऱ्याची लेखणी कोणीकडे वळते हे सांगावयास नको. ‘नियोजित रेल्वेस्थानकापासून पाच मिनिटे’ हे वाक्य लिहिणे सोपे असते, आणि ते वाचून येणाऱ्या चौकश्याही झटपट येतात. पण स्थानक कोठे, मार्गाचा निर्णय कोणत्या टप्प्यावर, आणि भूसंपादनाची अधिसूचना निघाली आहे काय, हे तीन प्रश्न विचारणारा पहिला ग्राहक भेटताच वाक्याचे बळ संपते. याउलट मार्गाच्या वादाचा इतिहास, झालेले काम आणि न झालेले काम सरळ मांडणारा मजकूर वाचकाच्या आशेला लगाम घालतो खरा, पण लिहिणाऱ्याची पत वाढवितो. आणि भूखंडाच्या धंद्यात माल एकदाच विकला जातो, पत मात्र पुढच्या लेआउटलाही उपयोगी पडते.

वऱ्हाडात जागा पाहावयास आलेला माणूस भावाआधी किंवा भावाबरोबरच एक प्रश्न टाकतो : ‘भाऊ, कागद किलिअर हायेत ना?’ या प्रश्नाचे तपशीलवार उत्तर हाच या लेखनाचा गाभा. त्यात सर्वांत मोठा घोटाळा ‘आठ’ या आकड्याचा. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा घरपट्टी आकारणीचा उतारा आहे. तो नाव दाखवितो, परंतु मालकी सिद्ध करीत नाही. तलाठ्याकडील, वऱ्हाडच्या बोलीत पटवाऱ्याकडील, गाव नमुना आठ-अ हा एका खातेदाराच्या त्या गावातील सर्व जमिनींचा गोषवारा आहे, आणि त्याचे नाते सातबाराशी आहे. ‘आपल्याकडे आठ आहे’ असे विकणारा म्हणतो तेव्हा त्याच्या हातातला कागद यांपैकी कोणता, हे बहुसंख्य खरेदीदारांना उलगडत नाही, आणि पुष्कळदा विकणाऱ्यालाही उलगडलेले नसते. या दोन कागदांचा भेद एका पानात समजावून सांगणाऱ्या व्यावसायिकाकडे लोक केवळ तो भेद विचारावयास येतात, आणि आलेल्यांपैकी काही जागाही पाहून जातात.

दुसरा घोटाळा मापांचा. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये असते, स्थावर संपदा कायद्याचे, म्हणजे रेराचे, दस्त चौरस मीटरमध्ये बोलतात, बाजार चौरस फुटांत भाव सांगतो, आणि शेतकरी मनात गुंठ्याचाच हिशेब धरून असतो. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, तर एक आर म्हणजे सुमारे १,०७६ चौरस फूट. अंतर तेरा चौरस फुटांचे. एका भूखंडात ते नजरेआड होते, परंतु दोन एकरांच्या, म्हणजे ८० गुंठ्यांच्या शेतात आर आणि गुंठा एकच धरले तर हजाराहून अधिक चौरस फुटांचा फरक पडतो, आणि तेवढ्यात एक लहानसा भूखंड सहज बसतो. १,५०० चौरस फुटांचा भूखंड म्हणजे सुमारे १३९ चौरस मीटर, अशी दोन्ही मापे शेजारी शेजारी छापणे हे खर्चाचे काम नाही. तरीही ते टाळले जाते, आणि का टाळले जाते याचा तर्क वाचकाने करावा.

कायद्याची बंधने लिहिण्यास विक्रेते सामान्यतः कचरतात, कारण त्यामुळे गिऱ्हाईक बिथरते असा समज आहे. विदर्भापुरता लागू असलेल्या १९५८ च्या कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ८९ अन्वये शेतकरी नसलेल्या इसमाला शेतजमीन विकत घेण्यास मनाई आहे, आणि १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्यांच्या हस्तांतरणास आळा घातला. ते प्रमाणभूत क्षेत्र २०२३ मध्ये जिरायतीसाठी २० व बागायतीसाठी १० गुंठे असे उतरविण्यात आले. शेतजमिनीचे परस्पर गुंठे पाडून विकण्याचा जो प्रघात पडला त्याच्या निस्तरणासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा करावा लागला, आणि त्याची मूळ तारीखमर्यादा पुढे वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणण्यात आली. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनीला जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड खाली अकृषिक वापराची सवलत मिळते. म्हणजे एकाच शिवारात, एकाच धुऱ्याच्या दोन बाजूंना असलेल्या दोन जमिनींची कायदेशीर अवस्था भिन्न असू शकते. हे नियम वारंवार बदलतात, म्हणून असा मजकूर तारखेवाचून प्रसिद्ध करणे हा मोठा दोष होय. जो विक्रेता ‘ही शेतजमीन असून ती केवळ शेतकऱ्यासच घेता येईल’ असे पहिल्या ओळीत लिहितो, त्याचे दहातील सहा फोन कदाचित कमी होतील. परंतु ते सहा जण इसारचिठ्ठीपर्यंत येऊन नंतर बयाण्यावरून तंटा करणारेच असतात, हे अनुभवी दलाल जाणून असतात.

या क्षेत्रातील लेखनाला शब्दाची जबाबदारी कायद्यानेच जोडली आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, मिळकतीतील वा हक्कातील जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्यास ठाऊक आहे आणि घेणाऱ्यास साधारण काळजीने शोधता येणार नाही, तो उघड करणे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ ने त्यापुढे पाऊल टाकले : नोंदणीयोग्य प्रकल्पाची, मग तो इमारतीचा असो वा भूखंडांचा, महारेरा या राज्यातील प्राधिकरणाकडील नोंदणीपूर्वी जाहिरात करण्यास कलम ३ ने मनाई केली. ५०० चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंतच्या सदनिका यांना त्यातून सूट आहे. जाहिरातीत नोंदणी क्रमांक व प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा उल्लेख ठळकपणे असला पाहिजे, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात क्यूआर कोडही आवश्यक करण्यात आला. कलम १२ अन्वये जाहिरातीतील खोट्या विधानावर विसंबून ज्याने पैसे भरले व नुकसान सोसले त्याला भरपाई मागता येते. अधिनियमातील जाहिरातीची व्याख्या इतकी विस्तृत आहे की हस्तपत्रक, परिपत्रक आणि व्हॉट्सॲपच्या गटात सकाळच्या शुभेच्छांखाली चिकटविलेला नकाशा हे सर्व तिच्यात येतात. दलालासही कलम ९ खाली नोंदणी हवी. तेव्हा ‘आम्ही फक्त माहिती दिली, जाहिरात केली नाही’ हा बचाव फार काळ टिकत नाही.

कागदांपलीकडे मातीचा आणि पाण्याचा भाग उरतो, आणि तेथे स्थानिक लेखकाला बाहेरचा कोणी प्रतिस्पर्धी नसतो. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी क्षारयुक्त असते. उत्तरेकडे सातपुड्याच्या पायथ्याला हे चित्र बदलते. वारी भैरवगडजवळच्या वान धरणाचे, म्हणजे हनुमान सागराचे, पाणी अकोट-तेल्हाऱ्याकडील गावांना पुरविले जाते. जागेत बोअर असेल तर पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते व पिण्यास कसे आहे, नळाचे पाणी असेल तर किती दिवसांआड येते, हे प्रश्न घर बांधणाऱ्या स्त्रिया प्रथम विचारतात आणि जाहिराती शेवटपर्यंत सांगत नाहीत. काळी कापसाची माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. त्यामुळे उथळ पायावरच्या भिंतींना तडे जातात आणि पायाचा खर्च वाढतो. भूखंडाचा भाव सांगताना या खर्चाची आगाऊ सूचना देणारा विक्रेता स्वतःचा माल महाग करून दाखवितो असे वरकरणी वाटेल. परंतु ज्याने गावात एक घर बांधून पाहिले आहे तो वाचक अशा मजकुरावर ताबडतोब विश्वास टाकतो, आणि जागा पाहावयास निघालेल्या आप्तांनाही त्याच विक्रेत्याचे नाव सांगतो.

प्रसिद्धीचा काळही पिकाशी बांधलेला आहे. कापूस व सोयाबीन घरात वा बाजारात आल्यावर, म्हणजे दिवाळीपासून पुढे, हातात रोकड असते. दसरा, पाडवा आणि अक्षय तृतीया हे मुहूर्ताचे दिवस. पेरणीच्या दिवसांत बी-खताच्या विवंचनेत असलेला शेतकरी भूखंडाविषयीचा मजकूर वाचतो, पण फोन करीत नाही. म्हणून समंजस व्यावसायिक मृगापासून पोळ्यापर्यंतचा काळ समजावून सांगण्याच्या लेखनाला देतो, फेरफार कसा नोंदवितात, इंडेक्स टू कोठे मिळतो, बोजा कमी कसा होतो असे विषय घेतो, आणि प्रत्यक्ष जागेचा मजकूर पुढे काढतो. नोकरीनिमित्त पुण्यात वा नागपुरात राहणाऱ्या गावकऱ्यांवर मात्र हा नियम लागू नाही. ते बहुधा सणासुदीच्या सुट्टीत गावी येण्यापूर्वी चौकशी करून ठेवतात, आणि त्यांचा पहिला संदेश सातबाराच्या प्रतीसाठी असतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाल्यापासून ती प्रत मिळविण्यासाठी त्यांना विक्रेत्याची गरजही उरलेली नाही. मजकुरातील गट क्रमांक खरा की खोटा हे ते परस्पर पडताळून पाहतात.

या पद्धतीची मर्यादाही नोंदविली पाहिजे. लिहिलेले वाचून येणारा ग्राहक सौदा मात्र माणसाशीच करतो. शिवारात नेऊन खुंट दाखविणे, भावाची घासाघीस, वारसांच्या सह्या जुळविणे ही कामे दलालाचीच राहतात, आणि चांगल्या मजकुराने दलाली बुडते ही भीती निराधार आहे. शिवाय मजकूर जुना होतो. तेल्हारा तालुक्यातील हिवरखेडला अलीकडे नगरपरिषद झाली. त्यामुळे करआकारणी, बांधकाम परवानगी आणि लेआउटची मंजुरी यांची दारे बदलली, आणि ‘ग्रामपंचायत हद्दीत’ असे छापलेली जुनी पत्रके कोणाच्या बैठकीत अजून पडून असतील तर त्यांतील प्रत्येक ओळ नव्याने तपासून, जुनी तारीख खोडून, पुन्हा लिहिणे भाग आहे.