पन्ह्याचा इतिहास लिहिताना: भीम, भावमिश्र आणि आमच्या काकी



परवा एका कार्यशाळेत पीएच.डी.च्या प्रवेशाची तयारी करणाऱ्या एकीने मला विचारलं, "ताई, पाककृती हा इतिहासाचा पुरावा होऊ शकतो का? की ते आपलं हौसेचं काम?" मी तिथे काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. घरी येताना वाटलं, याचं नीट उत्तर द्यायला हवं. माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण याच प्रश्नावर अडलं होतं आणि ते कसं सुटलं हे सांगितलं तर तुमच्या कामाला येईल.

प्रकरण आहे पन्ह्याचं. त्यातही चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या पन्ह्याचं, म्हणजे बरणीत भरून ठेवलेल्या गोड गराचं. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. या महिन्याभरात कधीतरी घरी हळदीकुंकू होतं. आंब्याची डाळ, भिजवलेले हरभरे, कलिंगडाच्या फोडी आणि पन्हं. पन्नास-साठ बायका येणार असतील तर कोणी ऐनवेळी कैऱ्या उकडत बसत नाही. गर आधीच साखरेत किंवा गुळात शिजवून ठेवलेला असतो. पाहुणी आली की माठातल्या पाण्यात कालवायचा, वेलदोडा-केशर घालायचं आणि पेला पुढे करायचा. आज दुकानात ज्याला सिरप म्हणतात ते हेच.

माझ्या पहिल्या मसुद्यातलं पहिलं वाक्य असं होतं: 'पन्ह्याची परंपरा दोन हजार वर्षांहून अधिक काळ अखंड चालत आली आहे.' मार्गदर्शक मॅडमनी 'अखंड' या शब्दाभोवती गोल काढला आणि बाजूला लिहिलं, "हे तू दाखवलंस की गृहीत धरलंस?"

आधी ग्रंथ काय सांगतात ते बघू

पन्हं हा शब्द संस्कृत 'पानक'वरून आला. पानक म्हणजे गोड-आंबट पेय, कशाचंही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ४६वा अध्याय अन्नपानाचा आहे. त्यात गुळाचं पानक येतं, द्राक्षांचं येतं, फालशाचं येतं. दक्षिणेत रामनवमीला करतात ते 'पानकम्' म्हणजे गूळ, सुंठ, मिरी, वेलची घातलेलं पाणी. त्यात कैरीचा पत्ताच नाही. म्हणजे जुन्या ग्रंथात 'पानक' शब्द दिसला की "हे बघा आपलं पन्हं" असं म्हणायचं नाही. हा माझा पहिला धडा. शब्द तोच असला तरी वस्तू तीच असेल असं नाही.

मग आंब्याचं पेय कुठे सापडतं? पाली विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. केणिय नावाचा जटिल तपस्वी बुद्धाला आणि भिक्खूंना पेय अर्पण करतो आणि त्या निमित्ताने आठ प्रकारची पेयं भिक्खूंना चालतील असा नियम होतो. त्या यादीत पहिलं आंब्याचं. पुढे पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोषाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या विनयाच्या टीकेत हे पेय कसं करायचं तेही दिलं आहे. कोवळ्या कैऱ्या फोडून पाण्यात टाकायच्या, उन्हात तापू द्यायच्या, गाळायच्या आणि मध, साखर, कापूर वगैरे मिसळायचं. इथे चूल नाही, ऊन आहे. मध आणि साखरही त्याच दिवशी स्वीकारलेली हवी, कारण भिक्खूंच्या साठवणुकीवर बंधनं होती.

त्यानंतर जवळजवळ हजार वर्षांनी, सोळाव्या शतकात, भावमिश्राच्या 'भावप्रकाशा'त आंब्याचं 'प्रपानक' भेटतं. ते वाचताना मी खुर्चीतून उठले होते. कच्चा आंबा पाण्यात उकडायचा, घट्ट हाताने कुस्करायचा, साखर आणि गार पाणी मिसळायचं, वर कापूर आणि मिरी. शेवटी सांगितलंय की हे उत्तम पेय भीमसेनाने तयार केलं.

आता तुलना करा. उकडलेली कैरी आहे, गोडी आहे, गार पाणी आहे. हे आपलं पन्हंच. पण कापूर आपण घालत नाही, मिरीही सहसा नाही. आपल्याकडचं केशर आणि वेलदोडा तिथे नाही. आणि "जुन्या पद्धतीचं म्हणजे गुळाचं" असं आपण ज्या ठामपणे म्हणतो, त्या ठामपणाला हा ग्रंथ पाठिंबा देत नाही, कारण त्यात साखर आहे. मात्र लगेच "मग मूळ पन्हं साखरेचंच" असाही निष्कर्ष काढायचा नाही. साखर आणि कापूर ज्याला परवडत होता त्याच्या घरचं हे पेय आहे. ग्रंथ एका स्वयंपाकघराबद्दल बोलतो, सगळ्या गावाबद्दल नाही.

भीमाचं काय करायचं?

इथे मी एक चूक केली. तीही सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. पेयात कापूर, आणि कर्ता भीमसेन. आपल्याकडे 'भीमसेनी कापूर' प्रसिद्ध आहेच. मी तळटीपेत दोन्ही जोडून टाकले आणि स्वतःवर खूश झाले. मॅडमनी विचारलं, "नावं सारखी आहेत. पुढे?" पुढे माझ्याकडे काहीच नव्हतं. तळटीप गेली.

भीमाकडे बघायची बरी पद्धत दुसरी आहे. विराटाच्या घरी भीम बल्लव नावाने आचारी होता, म्हणून चांगला पदार्थ त्याच्या नावावर लावायची रीत पडली. श्रीखंडाची पूर्वज म्हणता येईल अशी 'रसाला' भावप्रकाशात त्याच्याच नावावर आहे. 'पाकदर्पण' नावाचा पाकशास्त्राचा ग्रंथ असाच नलराजाच्या नावावर आहे. हे काही जन्मदाखले नव्हेत, ही प्रतिष्ठा देण्याची पद्धत आहे. "हे भीमाने केलं" हे वाक्य पन्ह्याचा शोध कोणी लावला ते सांगत नाही. पाककृती सांगताना कोणाचं नाव घ्यावंसं वाटत होतं, एवढं मात्र त्यातून कळतं. हा प्रश्न लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

टिकवण्याची वाट वेगळी आहे

एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. ही सगळी पेयं ताजी आहेत. करा आणि प्या. बरणी कुठेच नाही. मग गर साखरेत शिजवून टिकवायची पद्धत कुठून आली?

इथे शब्द मदतीला येतात. अरबीत 'पिणे' या अर्थाच्या धातूपासून 'शराब' आणि 'शर्बत' हे शब्द झाले. 'शर्बत' फारसीमार्गे आपल्याकडे 'सरबत' झालं. 'शराब' लॅटिनमध्ये 'सिरुपस' आणि तिथून इंग्रजीत 'सिरप' होऊन आपल्या औषधाच्या बाटलीवर आलं. सरबत आणि सिरप ही सख्खी भावंडं. पण ज्या साखरेशिवाय दोन्ही होत नाहीत तिचा शब्द उलट्या दिशेने गेला. संस्कृत 'शर्करा', फारसी 'शकर', अरबी 'सुक्कर'. इ.स. ८६९ मध्ये वारलेल्या साबूर इब्न सह्ल या वैद्याचा औषधी कृतींचा ग्रंथ आहे, त्यात अशा पाकांचं स्वतंत्र प्रकरण आहे. म्हणजे गोड पाक आधी दवाखान्यातला, मग दिवाणखान्यातला. आपला 'मुरांबा' हा शब्दही अरबी 'मुरब्बा'वरून आला. त्यात 'आंबा' ऐकू येतो तो आपला कान.

हा पुरावा शब्दांचा आहे, एवढ्यावरून वाईतल्या बरणीपर्यंत सरळ रेघ ओढता येत नाही. पण 'अखंड परंपरा' हे वाक्य आता टिकत नाही, हे तुम्हालाही दिसत असेल. आपल्या बरणीत निदान दोन गोष्टी एकत्र आल्यात. पेय आणि त्याचं नाव पानकाकडून, आणि साखरेत टिकवण्याची कला सरबत-मुरांब्याच्या शेजारची.

ग्रंथात नसलेला पुरावा

प्रकरणाचा शेवटचा भाग मौखिक इतिहासाचा होता. मी वाईला आत्याआजीकडे, म्हणजे आजोबांच्या बहिणीकडे गेले. वय ९१, कान तिखट. मी विचारलं, "आपल्या घरी पन्ह्याचा गर कसा करायचे?"

"काकी करायच्या," ती म्हणाली. काकी म्हणजे तिच्या थोरल्या काकांची बायको. चौदाव्या वर्षी विधवा झालेल्या. पुढची साठ वर्षं त्या घराचं स्वयंपाकघर त्यांच्याकडे.

कृती तिने सविस्तर सांगितली. कैऱ्या कल्हईच्या पातेल्यात उकडायच्या, कारण कल्हई उडालेल्या पितळेत आंबट कळकतं. गर चाळणीवर घासून घ्यायचा. गराच्या दुप्पट साखर, तिचा पाक करून त्यात गर घालून पुन्हा आटवायचं. गार झाल्यावर चिनीमातीच्या बरणीत भरून वर दादरा बांधायचा. त्या 'दुप्पट'चा मी हिशोब केला. कैरीच्या गरात विरघळलेले घटक साधारण दहा टक्के धरले, तर एक किलो गर आणि दोन किलो साखर मिळून गोडीचं प्रमाण न आटवताही ७० टक्क्यांवर जातं. फळांच्या सरबतासाठी सरकारी मानक किमान ६५ टक्के आहे. एवढ्या साखरेत बुरशीला वाढायला लागणारं पाणी मोकळं उरत नाही. शिवाय कैरीच्या आंबटपणामुळे साखरेचे थोडे विघटन होतं आणि पाक लवकर दाणे धरत नाही. काकी शाळेत गेल्या नव्हत्या, पण प्रमाण बिनचूक होतं.

मी उत्साहाने विचारलं, "मग चाखून बघायच्या का झालाय की नाही?"

आत्याआजी माझ्याकडे बघत राहिली. "अगं, गौरीच्या नैवेद्याचं. सोवळ्यात चाखतात का कुठे? तार बघायच्या बोटांत. नाहीतर थेंब पाण्यात सोडायच्या, पसरला नाही की झालं."

"आणि नंतर? हळदीकुंकवाच्या दिवशी?"

"त्या दिवशी त्या माजघराच्या पुढे येत नसत. आत पेले भरून द्यायच्या, आम्ही मुली बाहेर नेऊन द्यायचो."

मी टेप बंद केली. घरी येऊन दोन पानं लिहिली: साठ वर्षं ज्या बाईने सवाष्णींसाठी पन्हं केलं तिला त्या समारंभात जागा नव्हती, वगैरे. ते खरंच होतं आणि आहे. विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने केला तो मे २०२२ मध्ये; म्हणजे ही काही फार जुनी गोष्ट नाही. मी ती पानं आत्याआजीला वाचून दाखवली. तिला आवडली नाहीत.

"सगळं बरोबर लिहिलंयस," ती म्हणाली, "पण काकींना नुसतं बिचारं करून ठेवलंस. वाड्यातल्या चार घरांतून बायका त्यांना पाकाची तार दाखवायला यायच्या. तेही लिही."

लिहिलं. आता प्रकरणात दोन्ही आहे आणि एकाने दुसरं खोडलेलं नाही. समारंभातून वगळलेली बाई आणि वाड्यातली शेवटचा शब्द असलेली जाणकार, या एकाच व्यक्तीच्या दोन खऱ्या गोष्टी आहेत. यातली एकच ठेवली असती तर प्रकरण सोपं झालं असतं आणि खोटंही.

शेवटी कुलवृत्तांत उघडला. काकींचं नाव मिळेल असं वाटलं. काकांच्या नावापुढे मृत्यूचं वर्ष आणि 'निपुत्रिक' एवढंच आहे. आत्याआजीला त्यांचं सासरचं नाव आठवलं, माहेरचं नाही. साखरेचं प्रमाण मात्र तिला तोंडपाठ आहे.

तर, प्रश्नाचं उत्तर

हो, पाककृती हा पुरावा असतो. पण 'काय घातलं' एवढंच विचारलंत तर त्यातून यादी मिळेल, इतिहास नाही. मुलाखतीला जाल तेव्हा आणखी तीन प्रश्न वहीत लिहून न्या. झालं हे कशावरून ओळखायचे? कोणी केलं? आणि प्यायलं कोणी? मला पहिल्याचं उत्तर ग्रंथात अर्धवट मिळालं, दुसऱ्याचं ग्रंथात भीम म्हणून मिळालं, आणि तिसरं विचारायचं मला सुचलंच नव्हतं, ते आत्याआजीने सांगितलं.

आणि लिहिलेलं ज्यांच्याबद्दल आहे त्यांना, किंवा त्यांना ओळखणाऱ्या कोणाला तरी, वाचून दाखवा. प्रबंध जमा करायच्या आधी.

माझ्या प्रकरणाचं पहिलं वाक्य आता असं आहे: 'वाईतल्या एका घरात पन्ह्याचा गर काकी करत असत.' मॅडमनी त्याभोवती गोल काढलेला नाही.