वृत्तपत्रस्वातंत्र्य कोणाचे? : ‘मूकनायक’पासून कलम १९ पर्यंत

मराठी वृत्तपत्रसृष्टीचा इतिहास ६ जानेवारी १८३२ रोजी निघालेल्या बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’पासून सांगितला जातो, आणि वृत्तपत्रस्वातंत्र्याचा इतिहास बहुधा राजद्रोहाच्या खटल्यांपासून. भारतीय दंडसंहितेत १८७० साली कलम १२४-अ समाविष्ट झाले. त्याच कलमाखाली लोकमान्य टिळकांना १८९७ साली व पुन्हा १९०८ साली शिक्षा झाली. हा इतिहास खरा आहे. परंतु तो अपुरा आहे. त्यात एका बाजूस सरकार व दुसऱ्या बाजूस संपादक, अशी दोनच पात्रे आहेत. ज्याच्या हाती वृत्तपत्रच नाही, त्याच्या स्वातंत्र्याचे काय, हा प्रश्न त्यात उद्भवतच नाही. तो प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्रकारितेने उपस्थित केला व त्याचे उत्तर पुढे घटना समितीत दिले गेले. या दोन घटनांतील दुवा दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दोन भिंती

ब्रिटिश सरकारने देशी भाषांतील वृत्तपत्रांवर १८७८ साली खास कायदा लादला. इंग्रजी पत्रे त्यातून वगळली होती. देशी भाषेतील पत्राच्या मुद्रकाकडून मात्र हमी घेता येई, छापखाना जप्त करता येई आणि त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नसे. हा कायदा १८८२ साली रद्द झाला. पुढे १९१० च्या कायद्याने नव्या छापखान्याकडून व प्रकाशकाकडून ५०० ते २,००० रुपयांपर्यंत अनामत मागण्याचा अधिकार सरकारला मिळाला. तो १९२२ पर्यंत अंमलात होता.

याच काळात, ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ हे पाक्षिक निघाले. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक असल्याने संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. पत्रासाठी छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. या दोन आकड्यांची तुलना उद्बोधक आहे. कायद्याला जी कमाल अनामत मागता येत होती, ती या पत्राच्या मूळ भांडवलाचा बहुतांश भाग गिळू शकली असती. श्रीमंत पत्राला जी केवळ अडचण, ती गरीब पत्राला मृत्युदंड ठरू शकते, हे कायद्याच्या अक्षरात कोठेही लिहिलेले नव्हते.

परंतु ‘मूकनायक’समोर याहून उंच भिंत दुसरीच होती. पत्राची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला. हा नकार सरकारचा नव्हता. सरकारी दडपशाहीविरुद्ध लढलेल्या, कारावास सोसलेल्या पत्राचाच तो नकार होता. ‘मूकनायक’ १९२३ साली बंद पडले. ३ एप्रिल १९२७ रोजी निघालेले ‘बहिष्कृत भारत’ही १९२९ अखेर थांबले. अंकाचे चोवीस-चोवीस रकाने संपादकाने एकट्याने भरावे, कारण लिहिणारा वर्ग अद्याप घडावयाचा होता. आणि वर्गणीदार असा की ज्याच्याजवळ वर्गणीपुरते पैसे नसत. ही पत्रे कोणत्याही न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकुमाने बंद पडली नाहीत. म्हणूनच वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या रूढ इतिहासात त्यांच्या मृत्यूची नोंद होत नाही.

अधिकार नागरिकाचा

डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत मूलभूत स्वातंत्र्यांच्या कलमावर चर्चा झाली. मुद्रणस्वातंत्र्याचा मसुद्यात स्पष्ट उल्लेख नाही, तो करावा, असा आग्रह प्रा. के. टी. शहा यांनी धरला. बाबासाहेबांचे उत्तर थोडक्यात असे होते : जो अधिकार नागरिकाला व्यक्तिशः नाही, असा कोणताही खास अधिकार वृत्तपत्राला नाही, संपादक व व्यवस्थापक हेही नागरिकच होत आणि ते लिहितात तेव्हा आपले अभिव्यक्तिस्वातंत्र्यच वापरतात, म्हणून वेगळ्या उल्लेखाची गरज नाही. याच चर्चेत कन्हैयालाल मुन्शी यांच्या सुधारणेने निर्बंधांच्या यादीतून ‘राजद्रोह’ हा शब्द वगळण्यात आला.

हे उत्तर पुष्कळदा केवळ कायदेशीर काटेकोरपणा म्हणून वाचले जाते. ज्याची जाहिरात एका वृत्तपत्राने नाकारली होती, त्या संपादकाचे हे उत्तर आहे, हे ध्यानात घेतल्यास त्याचा अर्थ अधिक खोल जातो. स्वातंत्र्य छापखान्याच्या मालकास द्यावयाचे की बोलू पाहणाऱ्या माणसास, या प्रश्नाचा तेथे निवाडा झाला.

पुढील वाटचाल सरळ नव्हती. २६ मे १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘क्रॉस रोड्स’ व ‘ऑर्गनायझर’ या परस्परविरोधी विचारांच्या दोन साप्ताहिकांच्या बाजूने निर्णय दिले. त्यानंतर १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे निर्बंधाचे नवे कारण जोडले. बाबासाहेब त्या वेळी कायदेमंत्री होते व त्यांनी या दुरुस्तीचे समर्थन केले, हे इतिहासलेखकाने झाकून ठेवू नये. त्याचबरोबर निर्बंध ‘वाजवी’ असला पाहिजे, ही अटही त्याच दुरुस्तीने घातली आणि तो वाजवी आहे की नाही हे तपासणे न्यायालयाच्या हाती आले, हेही सांगितले पाहिजे. या कसोटीचे मोल पुण्याच्या ‘सकाळ’ने लढविलेल्या खटल्यात दिसले. लहान पत्रांना मोठ्यांच्या स्पर्धेपासून वाचविण्यासाठी पृष्ठसंख्या किमतीशी बांधतो, असे सरकारचे म्हणणे होते. १९६१ साली न्यायालयाने तो कायदा रद्द केला. लहान पत्राचे दुःख खरे होते, पण दुसऱ्याची पाने कापून ते दूर होणारे नव्हते.

अप्रिय सत्याचा काळ

पालि साहित्यात या विषयास लागू पडणारे दोन प्रसंग आहेत. अभयराजकुमार सुत्तात तथागत कोणती वाणी बोलतात याचे विवेचन आहे. जे ‘भूत’ म्हणजे घडलेले, ‘तच्छ’ म्हणजे यथार्थ व ‘अत्थसंहित’ म्हणजे हितकर आहे, ते ऐकणाऱ्यास अप्रिय असले तरी योग्य काळ जाणून बोलले जाते. ही लिहिणाऱ्याची कसोटी झाली. ज्याच्याविषयी लिहिले जाते त्याची कसोटी ब्रह्मजाल सुत्तात आहे. सुप्पिय परिव्राजक बुद्धाची, धम्माची व संघाची निंदा करीत असता, भिक्खूंनी रागावू नये असे भगवंत सांगतात. कारण रागावलेल्यास समोरच्याचे बोलणे खरे की खोटे हेच कळत नाही. जे असत्य असेल ते असत्य म्हणून दाखवून द्यावे, एवढेच पुरे.

आपल्या काळात या दुसऱ्या कसोटीस उतरणारे थोडे. ११ जून २०११ रोजी पवई येथे पत्रकार ज्योतिर्मय डे यांची गोळ्या घालून हत्या झाली. या खटल्यात २०१८ साली जन्मठेपेच्या शिक्षा झाल्या. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी राजापूर येथे शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीस मोटारीची धडक बसली व दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. त्याच दिवशी प्रसिद्ध झालेली त्यांची बातमी ज्याच्याविषयी होती, त्याच व्यक्तीवर खुनाचा गुन्हा नोंदविण्यात आला.

महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ साली प्रसारमाध्यमांतील व्यक्तींवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा संमत केला. हल्लेखोरास तीन वर्षांपर्यंत कारावास व पन्नास हजारांपर्यंत दंड अशी त्यात तरतूद आहे. कायदा स्वागतार्ह आहे. परंतु ‘माध्यमातील व्यक्ती’ची त्यातील व्याख्या मुख्य व्यवसाय आणि नोकरी वा करार यांवर उभी आहे. शेती किंवा लहानसे दुकान सांभाळून गावची बातमी पाठविणारा वार्ताहर तीत बसेलच असे नाही. ‘बहिष्कृत भारता’ला गावोगावच्या अन्यायाच्या वार्ता ज्यांनी कळविल्या, तेही या व्याख्येत बसले नसते, आणि बातमी छापून आल्यावर त्यांना त्याच गावात राहावयाचे होते.

१९४८ सालचा निवाडा येथे उपयोगी पडतो. अधिकार जर नागरिकाचा असेल, तर संरक्षणही ओळखपत्र पाहून देता येणार नाही. कायद्याने ‘पत्रकार कोण’ हे विचारण्याआधी ‘हल्ला कशासाठी झाला’ हे विचारावे. सत्य सांगितले म्हणून जो मारला गेला, त्याच्या पगाराची पावती शोधत बसू नये. व्याख्येतील ही उणीव भरून काढणे हे विधिमंडळाचे काम आहे, आणि ते करवून घेणे हे त्या नागरिकांचे, ज्यांच्या वतीने एकदा ‘मूकनायक’ बोलला होता.