यादीतलं एक नाव

आजोबा कॉलेजच्या गोष्टी सांगायला बसले की वर्गात काय शिकवलं हे त्यांच्या तोंडून क्वचितच यायचं. कुणी कुणाला कोणत्या डावावर चीत केलं, हे मात्र ते तालमीच्या नावासकट सांगत. राजाराम कॉलेजात ते चाळीसच्या दशकात शिकले. 1880 साली सुरू झालेलं हे कोल्हापूर संस्थानाचं कॉलेज आजच्या मानानं लहानच होतं. खेड्यापाड्यांतून आलेली शेतकऱ्यांची मुलं शाहू महाराजांच्या काळात सुरू झालेल्या बोर्डिंगांत राहत. पहाटे तालमीत जोर-बैठका मारायच्या, लाल मातीत झोंबायचं, अंग धुऊन कॉलेजात जायचं आणि सांजेला पुन्हा तालीम गाठायची. गावात 1912 पासून खासबागचं मैदान होतं. त्या मैदानाच्या उतारावर बसून कुस्ती पाहिली नाही, असा विद्यार्थी सापडणं कठीण, असं आजोबा म्हणत.

त्यांची सर्वांत आवडती गोष्ट खाशाबा जाधवांची. खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे. जन्म 15 जानेवारी 1926 चा, घरातच कुस्ती, आणि पहिले वस्ताद म्हणजे वडील दादासाहेब. कराडच्या टिळक हायस्कुलातून ते राजाराम कॉलेजात आले. वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला गेले, तेव्हा क्रीडाशिक्षकांनी त्यांची लहानखुरी अंगलट पाहून नकार दिला. खाशाबा सरळ प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि या पोरानं आपल्याहून थोराड मल्लांना एकामागून एक पाडलं. आजोबांनी हे स्वतः पाहिलेलं नव्हतं, बोर्डिंगातल्या मोठ्या मुलांकडून ऐकलं होतं. पण सांगताना ते उठून उभे राहत, ढाक कशी मारतात ते दाखवत आणि म्हणत, "अंग बघून पैलवान ठरत न्हाई पोरा, मातीत उतरल्यावर ठरतो."

लहानपणी मला या गोष्टीतला विजय आवडायचा. आता मला त्या परवानगीचं मोल अधिक वाटतं. संघाच्या यादीत कुणाचं नाव घालायचं आणि कुणाचं गाळायचं, हे टेबलामागे बसलेला एक माणूस ठरवतो. त्या दिवशी दुसऱ्या टेबलामागच्या माणसानं मुलाला लढून दाखवायची संधी दिली, म्हणून पुढचं सगळं घडलं.

1948 साली खाशाबा लंडन ऑलिंपिकला गेले. खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. आयुष्य मातीत गेलेला हा मल्ल तिथे मॅटवर लढला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. 1952 च्या हेलसिंकीपर्यंत मात्र काळ बदलला होता. 1949 साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, आणि पैलवानाच्या पाठीशी उभं राहणारं दरबारचं बळ सरलं. खाशाबांनी घरोघर, गावोगाव पैसे मागितले. लोकांनी जमेल तसे दिले, तरी पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. इथे आजोबा थांबायचे आणि आमच्याकडे बघून विचारायचे, "घर! कळतंय का तुम्हाला?"

हेलसिंकीत खाशाबा बँटमवेटमध्ये, म्हणजे 57 किलो गटात लढले. पुढे सुवर्णपदक मिळवणाऱ्या जपानच्या इशीशी त्यांची कुस्ती लांबली आणि ती त्यांनी गमावली. मग पुरेशी विश्रांती न मिळताच सोव्हिएत मल्लापुढे उभं राहावं लागलं, आणि त्यांच्या बाजूनं भांडायला जवळ कुणी अधिकारी नव्हता, असं जुनी माणसं अजून कळवळून सांगतात. तरीही 23 जुलै 1952 ला कांस्यपदक त्यांच्या हाती आलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं मिळायला 1996 उजाडावं लागलं.

यापुढची गोष्ट आजीची, कारण तिचं माहेर कराडकडचं. कराड स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत निघालेल्या मिरवणुकीत 151 बैलगाड्या होत्या. एरवी घटकाभरात तुडवायची ती वाट. त्या दिवशी तिला सात तास लागले. ढोल, ताशे, गुलाल. आजी सांगायची, बायका दारात आरत्या घेऊन उभ्या राहून थकल्या, पण घरात कुणी गेली नाही.

गुलालाच्या पुढचा भाग मात्र पुन्हा आजोबाच सांगत. गावी परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले, आणि त्या पैशातून सरांचं गहाण घर सोडवून दिलं. पुढे ते पोलीस खात्यात लागले. 14 ऑगस्ट 1984 ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावे जाहीर व्हायला 2000 साल यावं लागलं. सरकारनं लावलेल्या या उशिराबद्दल आजोबा फारसं बोलत नसत. गुरूनं घर पणाला लावलं आणि शिष्यानं ते लढून सोडवलं, हा व्यवहारच त्यांना पदकाहून मोठा वाटे.

मलाही तो मोठा वाटतो. लहान कॉलेजकडे तरणतलाव नसतो, परदेशी प्रशिक्षक नसतात, पुष्कळदा धड मैदानही नसतं. पण दोन गोष्टी कुठल्याही कॉलेजला परवडतात. नाव द्यायला आलेल्या मुलाला किंवा मुलीला अंगावरून न जोखता मैदानात उतरवून पाहणं, ही एक. आणि त्यातलं कुणी पुढे निघालं, तर त्याच्यासाठी स्वतःचं काहीतरी पणाला लावणारं माणूस कॉलेजात असणं, ही दुसरी. क्रीडा विभागाच्या कपाटातल्या ढाली मोजण्याआधी प्रत्येक प्राचार्यानं या दोन गोष्टी आपल्याकडे आहेत का, हे तपासावं. ज्या कॉलेजात त्या आहेत, तिथल्या संघाला लहान म्हणायचा अधिकार कुणालाच नाही.