आरएसएस फीड म्हणजे काय? मोठ्या वेबसाइटवर ती कशी शोधायची?

गंगापूर धरणातून गोदावरीत पाणी सोडल्याची पोस्ट तुमच्या फेसबुकवर दोन दिवसांनी दिसते, असं झालंय का? सोशल मीडियावर काय आणि कधी दिसणार, हे अल्गोरिदम ठरवतो. आरएसएस फीडमध्ये मात्र बातम्या साधारणपणे प्रकाशित झाल्याच्या क्रमानेच येतात.

आरएसएस म्हणजे काय?

इथे संघाचा काही संबंध नाही! आरएसएस ही वेबसाइटवरच्या नव्या मजकुराची यादी असते. शीर्षक, तारीख, लिंक आणि थोडा मजकूर एवढंच त्यात असतं. १९९९ मध्ये नेटस्केपने याची सुरुवात केली. 'अ‍ॅटम' हा त्याचाच भाऊबंद. २०१३ मध्ये गुगल रीडर बंद झालं आणि अनेकांना वाटलं, आरएसएसही संपलं. पण पॉडकास्ट आजही याच तंत्रावर चालतात.

फीड सापडत का नाही?

अनेक साइट्सनी केशरी रंगाचं आयकॉन काढून टाकलंय. फायरफॉक्सनेही २०१८ मध्ये ही सोय काढली. पण फीड अनेकदा आत चालूच असते.

मग शोधायची कशी?

१. साइटच्या अगदी तळाशी 'आरएसएस' लिंक आहे का, ते पाहा.

२. फीडली किंवा इनोरीडर या अ‍ॅपमध्ये साइटचा पत्ता टाका. बहुतेक वेळा अ‍ॅप स्वतःच फीड शोधून देतं.

३. साइट वर्डप्रेसवर असेल, तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन इंग्रजीत 'फीड' लिहा. हीच युक्ती एखाद्या विभागाच्या पानालाही चालते. म्हणजे साइटवर 'नाशिक' विभाग असेल, तर फक्त नाशिकच्या बातम्या मिळतील.

४. कॉम्प्युटरवर कंट्रोल आणि यू दाबा. पानाचा कोड उघडेल. त्यात इंग्रजीत 'आरएसएस' किंवा 'अ‍ॅटम' शोधा. शेजारी दिसणारा पत्ता कॉपी करा.

करून पाहायचंय?

मराठी विकिपीडियावर 'नाशिक' हा लेख कॉम्प्युटरवर उघडा आणि त्याच्या इतिहासाच्या पानावर जा. साधनांच्या यादीत 'अ‍ॅटम'ची लिंक मिळेल. ती अ‍ॅपमध्ये टाकली, की त्या लेखातला प्रत्येक बदल तुम्हाला कळेल.

हे लक्षात ठेवा

प्रत्येक साइटवर फीड असतेच असं नाही. काही ठिकाणी फक्त शीर्षक मिळतं, पूर्ण बातमीसाठी साइटवर जावं लागतं. अ‍ॅप ठरावीक वेळाने फीड तपासतं, त्यामुळे थोडा उशीर होऊ शकतो. पुरासारख्या प्रसंगी प्रशासनाच्या सूचनाच आधी पाहा. आणि फीड बातमीची खातरजमा करत नाही. सिंहस्थ जवळ येईल तशा अफवाही वाढतील. तेव्हा कोणत्या साइट्स जोडायच्या, हे नीट ठरवा. ते ठरवणं आता अल्गोरिदमच्या नाही, तुमच्या हातात आहे.