खताच्या पोत्यातले घड्याळ आणि लोणारचे वय

खामगावच्या बाजारातून कपाशीसाठी आणलेल्या 10:26:26 च्या पोत्यावरचा शेवटचा आकडा पोटॅशचा. पन्नास किलोच्या पोत्यात जवळपास अकरा किलो पोटॅशियम असते आणि त्यातले सव्वा ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम-40. हा अणू किरणोत्सारी आहे. पोते कोठीत नुसते पडून असले तरी दर सेकंदाला त्यातली तीन लाखांवर अणुकेंद्रे फुटत असतात. यात भिण्यासारखे काही नाही; आपल्या रक्तामांसातही हा अणू आहेच. पण याच अणूने आपल्या जिल्ह्यातल्या लोणारच्या विवराचे वय सांगितले. आणि त्याचा स्वभाव ज्याने मोजला, त्यानेच पुढे बाजारात विकत मिळणारे पहिले आण्विक घड्याळ घडवले. या अणूच्या घराण्याची कुळकथा सांगायची ती या धाग्यासाठी.

पोटॅशियम किरणोत्सारी आहे हे 1906 मध्ये कळले. त्यातला नेमका चाळीस वजनाचा समस्थानिक अल्फ्रेड नीअरने 1935 मध्ये शोधला. खरी गंमत 1937 ची. पंचविशीतल्या कार्ल फ्रीडरिश फॉन वाइत्सेकरला एका साध्या गोष्टीने अडवले: हवेत जवळपास एक टक्का आरगॉन कसा? निऑन, क्रिप्टॉन हे त्याचे भाऊबंद तर औषधापुरतेही नाहीत. शिवाय हा आरगॉन बहुतेक सगळा चाळीस वजनाचा. वाइत्सेकरने कागदावरच निकाल दिला: पोटॅशियम-40 दोन वाटांनी मोडते, एका वाटेने कॅल्शियम होते, दुसऱ्या वाटेने आरगॉन, हवेतला आरगॉन हे खडकांतल्या पोटॅशियमचेच लेकरू. तसे असेल तर जुन्या खनिजात तो साठलेला सापडायला हवा. 1948 मध्ये ऑल्ड्रिच आणि नीअर यांनी तो तिथेच दाखवला. साठलेला आरगॉन जितका जास्त, तितके खनिज जुने: हेच ते घड्याळ.

पण हे मोडणे इतके संथ का? निम्मे पोटॅशियम-40 संपायला सुमारे 125 कोटी वर्षे लागतात. उत्तर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, भौतिकशास्त्रज्ञ रॅबीच्या प्रयोगशाळेत मिळाले. जेरॉल्ड झकरायसने 1942 मध्ये अणूंचा झोत चुंबकांमधून सोडून या केंद्राचा स्पिन, म्हणजे अंगची फिरकी, मोजला. तो निघाला चार. कॅल्शियम-40 आणि आरगॉन-40 यांचा स्पिन मात्र शून्य. चाराचा हा फरक बाहेर पडणाऱ्या चिमुकल्या इलेक्ट्रॉनाने आणि न्यूट्रिनोने वाहून न्यायचा, हे क्वचितच जमते. आरगॉनकडे जाणारे केंद्र म्हणूनच बहुधा थेट तळाला उतरत नाही. आधी दोन स्पिनच्या पायरीवर थांबते, मग गॅमा किरण टाकते. चार हाच आकडा का, हे 1949 मध्ये मारिया गेपर्ट-मायर यांच्या कवच-सिद्धांताने उलगडले: एकोणिसावा प्रोटॉन तीन-द्वितीयांशाचा, एकविसावा न्यूट्रॉन सात-द्वितीयांशाचा, आणि त्या दोघांच्या जुळणीतून चार.

झोताची हीच विद्या झकरायसने सिझियमला लावली आणि 1956 मध्ये आण्विक घड्याळ विक्रीला आणले. 1967 पासून सेकंदाची व्याख्याच सिझियमच्या 9,192,631,770 आवर्तनांवर उभी आहे. सेकंद मोजणारे घड्याळ आणि लाखो वर्षे मोजणारे घड्याळ, दोन्ही एकाच घरची.

आता लोणार. दख्खनच्या साडेसहा कोटी वर्षांच्या बेसॉल्टवर अशनी आदळला, खडक वितळला, आतला आरगॉन उडाला आणि घड्याळ पुन्हा शून्यावर आले. मग वय किती? काचेच्या तप्तदीप्तीवरून, म्हणजे काच तापवल्यावर तिच्यात साठलेली ऊर्जा जो प्रकाश देते त्यावरून, 52,000 वर्षे हा आकडा निघाला आणि पाठ्यपुस्तकी झाला. 2011 च्या आरगॉन मोजणीने 5,70,000 सांगितले, चूक पुढेमागे 47,000 ची. अकरापट फरक!

तप्तदीप्तीवाल्यांच्या बाजूचा आक्षेप वजनदार आहे: खडक अर्धवट वितळला असेल, तर जुना आरगॉन आत राहतो आणि वय फुगते. लोणारच्या बेसॉल्टमध्ये पोटॅशियम कमी, त्यामुळे थोडा जुना वायूही घात करतो. पण 2011 च्या मोजणीत हा वारसा हिशेबाने वेगळा काढला होता. उलट तप्तदीप्तीची काच आपली साठवण काळाच्या ओघात गळू देते, आणि वय तरुण दिसते. गळक्या भांड्यावरून पावसाचा अंदाज धरू नये. माझ्या मते पावणेसहा लाखांच्या आसपासचाच पक्ष खरा.

हा निवाडा वितळून गोठलेल्या मूठभर खड्यांवर झाला. पुढचा वादही त्यांच्यावरच सुटेल. म्हणून खामगावहून लोणारची सहल नेणाऱ्या शिक्षकांना विनंती: मुलांना ते काळे, काचेसारखे खडे जरूर दाखवा, पण एकही खिशात येऊ देऊ नका.