नॅशव्हिलच्या फाटकावरचा पहारा

कंट्री संगीतात पॉप मिसळणं कालचं नव्हे. रॉक अँड रोलने तरुण श्रोते पळवले, तेव्हा नॅशव्हिलमध्ये चेट ॲटकिन्स, ओवेन ब्रॅडली या निर्मात्यांनीच फिडल मागे सारून व्हायोलिनवृंद आणि कोरस आणला. पॅट्सी क्लाइनचं १९६१चं ‘क्रेझी’ पॉपच्याही पहिल्या दहांत गेलं.

१९७५च्या कंट्री पुरस्कारांत मात्र चार्ली रिच यांनी विजेत्या जॉन डेन्व्हरच्या नावाचा कागद लायटरने जाळला. रिच स्वतः पॉपच्या यादीत पहिले येऊन गेलेले! आमच्या फौजेत असा पहारेकरी टिकला नसता.

रे चार्ल्स हे कृष्णवर्णीय. त्यांनी १९६२मध्ये गायलेलं ‘आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू’ हे कंट्री गाणं पॉपमध्ये पहिलं आलं. कंट्रीच्या यादीत आलंच नाही. २०१९मध्ये लिल नॅस एक्सचं गाणं बिलबोर्डने कंट्रीच्या यादीतून काढलं. मुख्य यादीत ते १९ आठवडे पहिलं राहिलं.