पुसट चालेल, कापलेलं नको



जुन्या इंग्रजी चित्रपटांचा माझा नाद घरच्यांना नवा नाही, आणि या ब्लॉगच्या नेहमीच्या वाचकांनाही तो एव्हाना ठाऊक झाला आहे. माझं सगळं शिक्षण मराठीतून. पुण्यात बी.ए. करत असताना आम्ही मैत्रिणी अलका टॉकीजला किंवा कॅम्पातल्या वेस्ट एंडला जायचो, तेव्हा निम्मे संवाद डोक्यावरून जायचे. त्यामुळे कान कमी आणि डोळे जास्त वापरायची सवय लागली. ती अजून टिकून आहे. चित्र कसं दिसतं याकडे माझं लक्ष आधी जातं, गोष्टीकडे नंतर.

आज लिहायचं आहे ते याच विषयावर. माझा भाचा न्यू जर्सीला असतो. २००९ नंतर तो दिवाळीला आला की माझ्यासाठी दोन-चार डीव्हीडी आणायचा. "मावशी, या दुकानात मिळत नाहीत बरं का, आपण ऑर्डर दिली की मग कंपनी बनवून पाठवते," असं त्यानं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला शिंप्याची आठवण झाली. माप दिलं की कपडा शिवायचा, तसंच हे. त्या डिस्क आता कपाटात एका रांगेत उभ्या आहेत आणि गंमत अशी की एकीचं चित्र आरशासारखं स्वच्छ, तर शेजारच्या डिस्कचं चित्र धुक्यातून पाहिल्यासारखं. कंपनी तीच, काळही साधारण तोच. असं का व्हावं? मी इतिहास शिकवत असे, त्यामुळे 'का' विचारल्याशिवाय चैन पडत नाही. वाचत गेले, भाच्याला पिडत गेले. जे समजलं ते इथे मांडते.

आधी ही पद्धत कशी सुरू झाली ते पाहू. वॉर्नर ब्रदर्स या कंपनीकडे जुन्या चित्रपटांचा प्रचंड साठा आहे. स्वतःचे चित्रपट तर आहेतच, पण एमजीएमचे १९८६ पूर्वीचे चित्रपट आणि आरकेओचे चित्रपटही टेड टर्नर यांच्यामार्फत त्यांच्याकडे आले. टर्नर यांनी १९८६ मध्ये एमजीएमचा साठा घेतला आणि १९९६ मध्ये त्यांची कंपनी टाइम वॉर्नरमध्ये विलीन झाली. त्यातले गाजलेले चित्रपट डीव्हीडीवर थाटात निघाले. पण उरलेल्या हजारोंचं काय? कारखान्यात डिस्क छापायची म्हणजे आधी साचा करावा लागतो, आणि हजारांनी प्रती खपल्या तरच तो खर्च परवडतो. १९३५ सालचा एखादा विसरलेला चित्रपट कितीजण घेणार?

शिक्षक मंडळींना हे लगेच समजेल. आमच्या शाळेत वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिका छापखान्यातून यायच्या, पण घटक चाचणीच्या आम्ही सायक्लोस्टाइलवर काढायचो. चाळीस मुलांसाठी कोणी छापखान्यात जात नाही. वॉर्नरनं तेच केलं. २३ मार्च २००९ रोजी त्यांनी 'वॉर्नर आर्काइव्ह कलेक्शन' सुरू केलं. पहिल्याच दिवशी दीडशे चित्रपट, एका डिस्कची किंमत १९ डॉलर ९५ सेंट. कॅरी ग्रँटचा 'मिस्टर लकी' (१९४३) त्यात होता आणि कोपोलाचा 'द रेन पीपल' (१९६९) सुद्धा. मागणी आली की कोऱ्या डिस्कवर चित्रपट लेझरनं उतरवायचा, वेष्टनात घालायचा आणि पाठवायचा. डिस्क उलटी करून पाहिली तर छापील डिस्कसारखी चंदेरी न दिसता जांभळट दिसते. दृश्यांची यादी नाही, जास्तीचं काही नाही. दर दहा मिनिटांनी एक खूण, बस्स. आणि वेष्टनावर अशा अर्थाची सूचना की, उपलब्ध असलेल्या उत्तम प्रतीवरून ही डिस्क केली आहे.

या सूचनेतच सगळा इतिहास दडलेला आहे. 'उपलब्ध असलेली' म्हणजे कोणती?

चित्रपट कॅमेऱ्यात ज्या फिल्मवर टिपला जातो ती मूळ निगेटिव्ह. तिच्यावरून एक पॉझिटिव्ह, त्यावरून पुन्हा निगेटिव्ह, आणि त्यावरून थिएटरात जाणारी प्रत. दर पायरीला बारकावे थोडे कमी होतात, जसं झेरॉक्सची झेरॉक्स काढली की अक्षरं फुगतात. शिवाय १९५० च्या सुमारापर्यंत वापरात असलेली नायट्रेट फिल्म भयंकर ज्वालाग्राही. ती जपून ठेवणं म्हणजे घरात दारूगोळा ठेवण्यासारखंच. १९३७ मध्ये न्यू जर्सीतल्या लिटल फेरी इथल्या गोदामाला आग लागली आणि फॉक्स कंपनीच्या मूकपटांचा मोठा भाग गेला. एमजीएमनं मात्र १९६० च्या दशकात शहाणपणा दाखवला. रॉजर मेयर यांच्या देखरेखीखाली नायट्रेटवरचे चित्रपट सुरक्षित फिल्मवर उतरवून घेतले आणि मूळ निगेटिव्ह रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउस या संग्रहालयाकडे सोपवल्या. १९७८ च्या मे महिन्यात तिथेच आग लागली आणि तीनशेहून अधिक चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह राख झाल्या! आधी काढून ठेवलेल्या प्रती होत्या म्हणून ते चित्रपट वाचले. पण वाचले ते एक-दोन पायऱ्या खाली उतरून. आज त्यातला एखादा थोडा मऊ, पुसट दिसला तर तो त्या आगीचा डाग आहे असं समजावं.

रंगीत चित्रपटांची कथा आणखी वेगळी. जुन्या तीनपट्टी टेक्निकलरमध्ये लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांच्या नोंदी तीन वेगवेगळ्या कृष्णधवल निगेटिव्हवर होत. कृष्णधवल असल्यामुळे त्यांचा रंग उडण्याचा प्रश्नच नाही. फक्त फिल्म कमीजास्त आक्रसली की तिन्ही चित्रं एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि कडांना रंगीत झालर दिसते. १९५० मध्ये ईस्टमनकलर आला. एकाच फिल्मवर सगळे रंग, स्वस्त आणि सोपं काम. पण त्यातले रंग वर्षागणिक उडत गेले आणि कितीतरी प्रती गुलाबी पडल्या. म्हणजे १९४५ चा चित्रपट ताजातवाना आणि १९६० चा विटलेला, असा उलटा न्याय.

त्यावर आणखी एक थर आहे टेपचा. २००९ च्या पहिल्या खेपेतल्या कितीतरी डिस्क नव्यानं फिल्म तपासून केलेल्या नव्हत्या. टीव्हीवर दाखवण्यासाठी वर्षांपूर्वी तयार केलेल्या टेप होत्या, त्याच डिस्कवर उतरवल्या. कुठे ओरखडे, कुठे रीळ बदलायच्या खुणेचा ठिपका कोपऱ्यात चमकून जातो. अनेकांनी नाकं मुरडली. एवढे पैसे घ्यायचे आणि साफसफाई नको? मला मात्र तो सौदा प्रामाणिक वाटला. जे आहे ते असं आहे, हवं तर घ्या. नाहीतर तो चित्रपट आणखी वीस वर्षं तळघरात राहिला असता. आम्ही संशोधनासाठी ग्रंथालयात जुनी पुस्तकं चाळायचो तेव्हा पिवळी पानं, वाळवीची भोकं सगळं गोड मानून घ्यायचो. मजकूर पूर्ण आहे ना, मग झालं.

पण मजकूर पूर्ण नसेल तर? इथे माझी सहनशीलता संपते.

टीव्हीला टक्कर द्यायला म्हणून फॉक्सनं १९५३ मध्ये 'द रोब' हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट आणला. उंचीच्या अडीचपट रुंद पडदा. आपल्याकडे १९५९ चा गुरुदत्तचा 'कागज के फूल' हा पहिला. मूर्तींच्या कॅमेऱ्यानं त्या रुंदीत रिकाम्या स्टुडिओचा एकटेपणा कसा पकडला आहे ते ज्यांनी मोठ्या पडद्यावर पाहिलं त्यांना सांगायला नको. जुन्या टीव्हीचा पडदा मात्र जवळजवळ चौकोनी. तो भरण्यासाठी रुंद चित्राच्या दोन्ही बाजू छाटायच्या आणि उरलेली चौकट गरजेप्रमाणे डावीकडे-उजवीकडे सरकवायची, अशी पद्धत पडली. हिशेब केला तर सुरुवातीच्या सिनेमास्कोपचं जवळजवळ अर्धं चित्र यात जातं. दोघं जण दोन टोकांना उभे राहून भांडत असतील तर आपल्याला एकच दिसतो, दुसरा नुसता आवाज.

आता दैवदुर्विलास पाहा. २०१२ मध्ये फॉक्सनंही मागणीनुसार डिस्क द्यायला सुरुवात केली. नाव 'फॉक्स सिनेमा आर्काइव्हज'. आणि त्यात त्यांचेच काही सिनेमास्कोप चित्रपट असे बाजू छाटलेले निघाले! ज्या कंपनीनं रुंद पडदा जगाला दिला तिनंच, घरोघरी रुंद टीव्ही आलेले असताना, जुनी टीव्हीची टेप पुढे केली. जाणकारांनी खूप ओरड केली ती रास्तच होती. पुसट चित्र हा वयाचा परिणाम, त्याला कोणी काय करणार? पण कापलेलं चित्र हा कोणीतरी घेतलेला निर्णय असतो. म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर सुरकुत्या असतात, त्याचा फोटो काढताना कोणी कान कापत नाही.

वॉर्नरच्या बाबतीत गोष्ट पुढे चांगली सरकली हे सांगायला हवं. जॉर्ज फेल्टनस्टाइन यांच्यासारखी जुन्या चित्रपटांवर जीव असलेली माणसं तिथे होती. काही चित्रपट फिल्मवरून नव्यानं उतरवले जाऊ लागले. २०१२ च्या नोव्हेंबरात 'जिप्सी' आणि 'डेथट्रॅप' हे याच मालिकेतून ब्लू-रेवर आले, तेही छापील डिस्कवर.

त्यातला एक नमुना मी भाच्याकडून मुद्दाम मागवून घेतला. मायकेल कर्टिझ यांचा 'मिस्टरी ऑफ द वॅक्स म्युझियम' (१९३३). हा दोनरंगी टेक्निकलरमधला, म्हणजे तीनपट्टी पद्धतीच्या आधीचा. लालसर आणि हिरवट अशा दोनच नोंदी. कित्येक वर्षं हा चित्रपट कायमचा हरवला असं मानत होते. मग जॅक वॉर्नर यांच्या खाजगी संग्रहात एक प्रत निघाली. तिच्यावरून जे काही पूर्वी दाखवलं गेलं त्यात रंग अगदी धुवून निघाल्यासारखे होते. पुढे यूसीएलए विद्यापीठाच्या फिल्म विभागानं त्याची नीट दुरुस्ती केली आणि २०२० मध्ये ती डिस्क निघाली. मेणाच्या पुतळ्यांची कांती, भिंतींचा हिरवट उजेड, सगळं जागेवर आलं. आणि मला सर्वांत आवडलं ते हे, की निळा रंग त्यांनी घातला नाही. मूळ पद्धतीत शुद्ध निळा उमटतच नसे, मग तो आज कुठून आणायचा? कापायचं नाही तसंच पदरचं घालायचंही नाही. आमच्या इतिहासाच्या तासाला मी मुलांना हेच सांगत असे.

आता आपल्या घराकडे वळते. माझी नात एकदा म्हणाली, "आजी, जुने मराठी सिनेमे असे धुरकट का काढायचे गं?" तिनं पाहिलेली प्रत व्हीसीडीवरची. व्हीसीडीच्या चित्रात आडवे ३५२ आणि उभे २८८ ठिपके, आपल्याकडच्या डीव्हीडीत ७२० आणि ५७६. धुरकटपणा त्या प्रतीचा होता. १९३६ मध्ये थिएटरात बसलेल्या माणसानं 'संत तुकाराम' धुरकट पाहिला नव्हता. पण प्रतीचा दोष मुलं चित्रपटाच्या माथी मारतात, आणि मग त्या काळाच्याच माथी. "तेव्हा त्यांना जमतच नव्हतं" असा समज होतो. म्हणून चित्राचा दर्जा ही मला हौशी लोकांची किरकिर वाटत नाही. २००३ च्या जानेवारीत पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातलं नायट्रेट फिल्मचं गोदाम जळालं. त्यात जे गेलं त्याच्या चांगल्या प्रती वेळेत निघाल्या असत्या तर, असं वाटत राहतं.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, खास नातेवाइकांसाठी. घरी उतरवलेल्या डिस्कमध्ये चित्र असतं ते रंगद्रव्याच्या थरात, आणि ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो थर खराब होतो. छापील डिस्कही अमर नाहीत. २००६ ते २००८ च्या सुमारास छापलेल्या आपल्या काही डीव्हीडी निकामी होत असल्याचं वॉर्नरनं २०२५ मध्ये मान्य केलं आणि बदलून द्यायची तयारी दाखवली. आपल्याला कोण बदलून देणार? २००० ते २०१० मधली आपल्या घरातली लग्नं, मुंजी, आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन, सगळं अशाच उतरवलेल्या डीव्हीडींवर आहे आणि मूळ टेप बहुतेक फोटोग्राफरनं केव्हाच पुसून वापरली असेल. म्हणजे ती डिस्क हीच आपली 'उपलब्ध असलेली उत्तम प्रत'. या सुट्टीत त्या बाहेर काढा, चालतात का पाहा, आणि मुलांकडून दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून घ्या. आणि हो, नव्या टीव्हीवर बसावं म्हणून वरचं-खालचं कापू नका. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या तर दिसू देत.

तुमच्याकडे अशा जुन्या डिस्क असतील तर त्यांची अवस्था काय आहे ते जरूर कळवा.